सुभाषरावांचा धडधाकट हात

सुभाष भुवड यांच्या डाव्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांनी स्वतः हे वाक्य उच्चारलं तेव्हा त्यावर एकाही माणसाने विश्वास ठेवला नाही. हात चांगला होता. मनगट वळत होतं, मूठ मिटत होती, आणि विमा कंपनीत जन्मभर फायली उचलून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात जेवढी ताकद उरते तेवढी त्यात उरली होती. अशा या हातावर एका रविवारी दुपारी, मिरा रोडला पूनम सागरमधल्या त्यांच्या स्वतःच्या हॉलमध्ये, कोपराखालपासून बोटांच्या मुळापर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर चढलं. आणि ते त्यांनी मागून घेतलं होतं.

कारण होती त्यांची मुलगी संपदा. ती एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होती आणि हाडांच्या वॉर्डात तिची पाळी लागली होती. तिथे तिने पहिल्यांदा एका पेशंटच्या हाताला प्लास्टर घातलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी सैल होऊन निघून आलं. सरांनी ते दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं आणि विचारलं, "हे प्लास्टर आहे की मोजा?" सगळे हसले. संपदा शनिवारी हॉस्टेलवरून घरी आली ती तोंड पाडूनच. आईने केलेल्या कोलंबीच्या कालवणाला तिने हात लावला नाही, तेव्हा घरात कळून चुकलं की प्रकरण गंभीर आहे.

"मला नाही जमणार, पप्पा," ती म्हणाली. "पुस्तकातलं सगळं येतं. हातात पट्टी घेतली की हात थरथरतो."

सुभाषराव गुहागरकडच्या एका वाडीतले. त्या वाडीतून आजवर मुंबईत शिपाई आले, मिलवाले आले, सुभाषरावांच्या रूपाने एक हेडक्लार्क आला, पण डॉक्टर कोणी झालं नव्हतं. गावी गेले की लोक त्यांना "डॉक्टरीणबाईंचे वडील" म्हणायला आताच लागले होते. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना गाव आठवलं नाही. समोर बसलेल्या मुलीचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना, एवढंच. त्यांनी विचारलं, "सर काय म्हणाले पुढे?"

"म्हणाले, कोणा तरी धडधाकट माणसावर करून बघ. दोन दिवस राहू दे आणि त्याला विचार. ज्याच्या अंगावर आहे तोच सांगेल कसं झालंय ते. बाकीच्यांनी एकमेकांवर केलंय. मी कोणाला विचारू? मला मोजा म्हणतात."

सुभाषरावांनी शर्टाची बाही वर केली आणि हात टीपॉयवर ठेवला. "हा घे," ते म्हणाले.

रविवारी हॉलमध्ये जुनी वर्तमानपत्रं पसरली. अंघोळीची बादली आली. मेडिकलमधून पट्ट्यांचे रोल आले, कापूस आला. सुभाषरावांच्या पत्नी गिरिजाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून, फरशीवर डाग पडले तर ते कोण काढणार, हा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिल्या. संपदाने कापूस गुंडाळला, रोल पाण्यात बुडवला, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली. ओठांतल्या ओठांत ती धडा म्हणत होती: तळहाताने सारखं करायचं, बोटं रुतवायची नाहीत. मनगटाशी एक घडी वर आली तेव्हा तिचा हात थबकला.

"दाब की!" सुभाषराव म्हणाले. "घाबरतेस काय? बापाचाच हात आहे."

तिने अंगठ्याने ती घडी दाबली. थोड्या वेळाने प्लास्टर गरम झालं, मग घट्ट झालं, आणि वाजवलं तर टकटक आवाज येऊ लागला. दिसायला ते देखणं होतं. संपदाने फोटो काढला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. संध्याकाळी हॉस्टेलला निघताना तिने बजावलं, "मंगळवारी येऊन काढते. मध्ये दुखलं, मुंग्या आल्या, तर लगेच फोन करायचा. आणि खरं सांगायचं हां पप्पा. त्याच्यासाठीच तर ठेवलंय."

"म्हणजे काय!" सुभाषराव म्हणाले.

आता इथपर्यंत कोणाचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. चूक सोमवारी सकाळी झाली, आणि ती एका अक्षराची होती. सुभाषराव पेपर आणायला खाली निघाले. सोसायटीत झाडू-पोछा करणारी शालू जिना पुसून नुकतीच वरच्या मजल्यावर गेली होती. समोरच्या दारातून नीलिमाकाकू राऊत बाहेर आल्या. या बाईंना इमारतीतल्या प्रत्येक घरातलं दुखणं त्या घराच्या आधी कळायचं. त्यांनी हात पाहिला, मग जिना पाहिला.

"अगंबाई! पडलात? ह्याच जिन्यात ना? काल पण असाच ओला होता. मी म्हणतच होते, कोणीतरी पडणार!"

सुभाषरावांनी तोंड उघडलं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? धडधाकट हाताला प्लास्टर घालून आपण पेपर आणायला चाललोय? आणि मुलगी बापावर हात साफ करून घेते हे एकदा पसरलं, की उद्या या इमारतीत तिच्याकडून कोणी साधं बीपी तरी मोजून घेईल का? एवढा सगळा विचार जिन्याच्या तोंडाशी उभं राहून करता येत नाही. सुभाषरावांच्या तोंडून फक्त "हं" बाहेर पडलं.

त्या एका हुंकारावर संध्याकाळपर्यंत पूर्ण कथा उभी राहिली. ते कितव्या पायरीवरून घसरले, कसे कठड्याला धडकले, "आई गं" कसे ओरडले, हे लोक त्यांनाच येऊन सांगू लागले. आजारी माणसाला बघायला जायचं ही आपल्याकडची रीत, आणि बघायला जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, ही त्याहून पक्की रीत. शहाळी आली. सफरचंदं आली. नीलिमाकाकूंनी खारकेची पूड आणली आणि ती दुधातून घ्यायची की तुपातून, यावर तळमजल्याच्या नाथा घवाळींशी त्यांचा वाद झाला. नाथा घवाळींचं म्हणणं होतं की हे प्लास्टर बिस्टर सगळं बोगस आहे, रोह्याला एक हाडवैद्य आहे, तो नुसता हात धरतो आणि हाड आपल्या जागी जातं.

"कुठलं हाड मोडलंय पण?" त्यांनी विचारलं.

"कुठलंच... म्हणजे, नीटसं कळलं नाही," सुभाषराव म्हणाले.

"बघा! म्हणजे डॉक्टरला पण कळलेलं नाही!" नाथा घवाळी विजयी मुद्रेने म्हणाले.

गिरिजाबाईंनी पहिल्याच दिवशी आपली भूमिका जाहीर केली. "मी खोटं बोलणार नाही. तुमच्या तोंडावर खरंही सांगणार नाही. कोणी आलं की मी चहा टाकायला आत जाणार." त्याप्रमाणे त्या आत जात राहिल्या. घरात चहाचं आधण उतरलंच नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी जितेशभाई मात्र शहाळं घेऊन आले नाहीत. ते मेजर टेप घेऊन आले. जितेशभाई कर्तव्यकठोर माणूस. "सुभाषभाई, ये सोसायटी का मॅटर है," ते म्हणाले. "आज तुम्ही पडला, कल कोई और गिरेगा. मला एक्झॅक्ट पायरी दाखवा." सुभाषरावांना जिन्यापाशी नेण्यात आलं. ते सगळ्या पायऱ्यांकडे आलटून पालटून बघत राहिले. एकीनेही त्यांचं कधी काही बिघडवलं नव्हतं. शेवटी मागे लोक खोळंबले म्हणून त्यांनी एका पायरीकडे बोट दाखवलं. जितेशभाईंनी तिच्यावर खडूने फुली मारली आणि रविवारच्या मीटिंगची नोटीस बोर्डावर लावली. तेव्हापासून इमारतीतली म्हातारी माणसं कठडा धरून ती पायरी ओलांडून जाऊ लागली, आणि त्या नादात नाथा घवाळींचा पाय खरोखरच मुरगळला. त्यामुळे पायरीचा अपराध सिद्धच झाला.

मंगळवारी संपदा आली नाही. वॉर्डात कोणी रजेवर गेलं होतं, तिची ड्यूटी वाढली, आता रविवारीच सुटका होती. तिने फोन केला. "पप्पा, जवळच्या कोणा डॉक्टरकडून काढून घ्या ना. आणि सांगा, दुखतंय का?"

दुखत होतं. मनगटाच्या हाडावर, जिथे अंगठा दाबला होता नेमकं तिथेच, सोमवारपासून काहीतरी टोचत होतं, आणि आता तिथे आग होत होती. पण फोनवर मुलीचा आवाज असा काही आतुर होता, की सुभाषरावांना तिचा हिरमोड करवेना. "अजिबात नाही!" ते म्हणाले. "इतकं हलकं वाटतंय, घातलंय हेच विसरायला होतं. कशाला दुसऱ्याकडून काढायचं? तूच ये आणि काढ."

"खरंच?" ती म्हणाली, आणि तिकडे खुदकन हसली. दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला. तिने सरांना सगळं सांगितलं होतं, फोटो दाखवला होता, आणि सरांनी समोर उभं राहून तिला एका बाईच्या हाताला प्लास्टर घालू दिलं होतं. "तुमच्यासारखंच घातलं, पप्पा. अगदी सेम. हात थरथरला नाही." फोन ठेवून सुभाषराव गॅलरीत गेले. डोळे पुसायला त्यांनी चुकून डावा हात उचलला आणि प्लास्टर कपाळावर आपटलं. त्यांना वाटलं, एका मनगटात एवढी किंमत असेल तर आणखी चार दिवस सोसू.

ते सोसत होते ते फक्त स्वतःपुरतं, असा त्यांचा समज होता. गुरुवारी दाराची बेल वाजली. दारात शालू उभी होती. ती जवळच्या मुर्धा गावाहून चालत यायची. नवरा आजारी, म्हणून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत चार केळी होती.

"काका, बघाया आली," ती म्हणाली. दारातच उभी राहिली, आत यायला तयार होईना. "शेक्रेटरी बोलला, मीटिंग होयपरत येव नको. माझ्यामुलं तुमचा हात मोडला. मी त जिना कोरडाच केलेला, काका. पन न्हाय झाला आसंल कुठंतरी. घाई झाली आसंल. माफी करा."

ती वाकून पायाला हात लावायला लागली, तेव्हा सुभाषराव असे मागे सरले की चप्पलस्टँडवर आदळले. जी चूक झालीच नव्हती ती या बाईने चार दिवस आठवून आठवून स्वतःच्या पदरात घेतली होती. "अगं, तुझं काही..." एवढं बोलेपर्यंत ती पिशवी दाराच्या कडीला अडकवून जिना उतरू लागली होती. उतरताना तिनेही फुलीची पायरी सोडून पाय टाकला.

आतून गिरिजाबाई बाहेर आल्या. या वेळी त्यांनी चहा टाकला नव्हता. त्या केळ्यांकडे बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "अहो, चप्पल घाला."

सुभाषराव जितेशभाईंच्या घरी गेले. सोफ्यावर बसून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं खरं सांगितलं. आपण पडलो नाही, हात मोडला नाही, मुलीच्या सरावासाठी हे घालून घेतलं, शालूचा काही संबंध नाही. जितेशभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"सुभाषभाई, दिल बहुत बडा है तुमचा," ते म्हणाले. "एका गरीब बाईसाठी इतना बडा झूठ! पण रूल म्हणजे रूल. दया दाखवून सोसायटी चालत नाही."

"अहो पण खरंच..."

"बस, बस. मला सगळं समजतं."

शुक्रवार-शनिवार सुभाषरावांनी घरोघर जाऊन खरं सांगितलं. जितकं सांगावं तितका त्यांचा मोठेपणा वाढत गेला. नीलिमाकाकू म्हणाल्या, आजच्या काळात अशी माणसं उरली नाहीत. नाथा घवाळींनी मुरगळलेल्या पायानिशी उठून नमस्कार केला. सोमवारी एक हुंकार पुरला होता, आणि आता दोन दिवस घसा कोरडा करूनही काही उपयोग होईना. त्यांनी संपदाला फोन केला आणि म्हटलं, "रविवारी मीटिंगच्या वेळेला ये. सगळ्यांच्या देखत काढायचंय."

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात कमिटी जमली. बाहेर कंपाउंडमध्ये उरलेली इमारत उभी होती. एका कोपऱ्यात, भिंतीला टेकून शालू. जितेशभाईंनी विषय वाचला, "जिन्यातील अपघात व त्यावरील कारवाई." सुभाषराव उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या हाताला काहीही झालेलं नाही." सगळ्यांनी आदराने माना डोलावल्या.

"काढ," ते संपदाला म्हणाले.

गिरिजाबाईंनी घरातून गरम पाण्याची बादली आणली होती. ती टेबलाशेजारी ठेवण्यात आली. संपदाने बापाचा हात त्यात बुडवला. प्लास्टर भिजायला वेळ लागतो, हे कमिटीला माहीत नव्हतं. सगळे गंभीर चेहऱ्याने बादलीकडे बघत बसले. मधेच जितेशभाईंनी, वेळ वाया जाऊ नये म्हणून, पार्किंगचा विषय घेऊ का असं विचारलं, पण कोणी लक्ष दिलं नाही. पाणी दुधासारखं पांढरं झालं. मग संपदाने मोठी कात्री लावून कड कापली, आणि थर एकेक करून सुटू लागले.

हात बाहेर आला. सुभाषरावांनी मूठ उघडली, मिटली, मनगट गोल फिरवलं, आणि समोरची वजनदार लोखंडी खुर्ची डाव्या हाताने उचलून दाखवली. आठवडाभर ज्या हाताला शहाळी पाजली होती तो चक्क चांगला होता. नीलिमाकाकूंच्या चेहऱ्यावर खारकेच्या पुडीचा हिशेब दिसू लागला. जितेशभाईंनी नोटीस बोर्डावरून काढली, घडी केली आणि खिशात घातली. "शालूबाई, कल से आ जाना," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

सुभाषरावांना वाटलं, आता शालू काहीतरी चांगलं बोलेल. ती पुढे आली. त्या हाताकडे तिने नीट बघून घेतलं.

"मोडला न्हाय," ती म्हणाली. "मंग काका, चार दिस मी डोल्याला डोला न्हाय लावला तो कशाला? पोरीला हात दिलात. बेस केलात. पन माझ्यासाठी तोंड उघराला काय झालावता?"

लोकांपुढे कोणी त्यांना असं कधी बोललं नव्हतं. "चुकलं माझं," ते म्हणाले. शालूने पाठ फिरवली. ती निघून गेली.

ते वळले तेव्हा संपदा त्यांचं मनगट धरून उभी होती. हाडावरची कातडी गेली होती. पैशाएवढी लालभडक जखम होती, तिच्या अंगठ्याच्या मापाची.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

"काही नाही गं, थोडंसं..."

"पप्पा, कधीपासून?"

"सोमवारपासून."

संपदाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "मी बुधवारी त्या बाईंना असंच घातलंय. तुम्ही दुखत नाही म्हणालात म्हणून. अगदी सेम." तिने तिथेच ओल्या हातांनी वॉर्डात फोन लावला. त्या बाईचं प्लास्टर ताबडतोब उघडून बघा, मनगटाशी बघा, हो, मीच घातलं होतं, माझी चूक आहे, असं ती स्पष्ट आवाजात सांगत राहिली. मग सगळे थांबले. सुभाषराव हात धरून त्याच लोखंडी खुर्चीवर बसले. आयुष्यात प्रमोशनच्या निकालाची सुद्धा त्यांनी अशी वाट पाहिली नव्हती. अखेर तिकडून फोन आला. नुसतं लाल झालं होतं, कातडी शाबूत होती. नवीन प्लास्टर घातलं. त्या बाईही म्हणाल्या होत्या, दुखत होतं, पण डॉक्टरीणबाई एवढ्या मायेने करत होत्या, कसं सांगायचं?

संपदा बापाशेजारी बसली आणि रडली. "मी विचारलं होतं ना, पप्पा?" एवढंच ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा घरी आली. सुभाषरावांनी स्वतःच वर्तमानपत्रं पसरली आणि या वेळी उजवा हात पुढे केला, कारण डाव्यावर अजून मलमपट्टी होती. घराचं दार त्यांनी सताड उघडं ठेवलं होतं. येणारा जाणारा बघत होता, आणि सुभाषराव प्रत्येकाला ओरडून सांगत होते, "हात मोडलेला नाही! मुलगी शिकतेय!" बाहेर शालू जिना पुसत होती. आठवडाभर ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

संपदाने कापूस नीट दोनदा गुंडाळला. रोल भिजवला. तळहाताने सारखा केला. मनगटाशी आल्यावर थांबून तिने वर पाहिलं. "दुखतंय?"

किंचित रुतत होतं, अगदी किंचित. मुलीच्या डोळ्यांत तीच आतुरता होती, आणि "अजिबात नाही" सुभाषरावांच्या जिभेवर येऊन बसलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"दुखतंय," ते पुटपुटले.

बाहेरचा पोछा थांबला. "जोरान बोला काका," जिन्यावरून शालूचा आवाज आला. "पार खालपरत आयकू गेला पायजे."

सुभाषरावांनी जोरात सांगितलं. संपदाने पट्टी सोडली आणि पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.